पक्कड आधी, बाकीचं मग

प्रश्न : ताई, नमस्कार. मी रंगमंचाच्या प्रकाशयोजनेचं तांत्रिक काम करतो. शिडीवर चढून क्लॅम्प आवळायचे, केबल-टाय कापायचे, वायरी सोलायच्या, हट्टाला पेटलेले स्क्रू काढायचे, असं रोजचं काम आहे. कमरेला एकच दणकट मल्टीटूल, म्हणजे पक्कड, चाकू, स्क्रूड्रायव्हर एकत्र असलेलं घडीचं हत्यार, लावायचं ठरवलंय. लेदरमनचं सर्ज, लेदरमनचंच सुपर टूल 300 आणि व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल यांच्यात अडकलोय. सर्जमध्ये 21 अवजारं आहेत, सुपर टूलमध्ये 19. जास्त अवजारांचं ते चांगलं, असं धरायचं का?

उत्तर : नाही. तो आकडा आधी डोक्यातून काढा. एकाच पक्कडीचं टोक म्हणजे नोजप्लायर, मधला भाग साधी पक्कड, मागे मऊ तारेचा कटर, त्याच्या मागे कडक तारेचा कटर; झाले चार नग! दांड्यावर सेंटीमीटरच्या रेघा कोरल्या की फूटपट्टी हाही एक नग होतो. मी सगळी नोकरी यंत्रदुरुस्तीच्या पाळीत काढली. हातातल्या हत्याराचे नग मोजत बसलेला फिटर मी तरी पाहिलेला नाही.

मी आधी पक्कड बघते. तिच्याशिवायचं मल्टीटूल म्हणजे जाडजूड चाकू. तुमच्या यादीतल्या तिन्ही पक्कडी चांगल्या आहेत. सर्ज आणि सुपर टूल 300 यांचे जबडे जरा भरीव आहेत आणि कटरची पाती बदलता येतात. कटरला खाच पडली की दोन छोटे स्क्रू काढून नवी पाती बसवायची. रोज तार कापणाऱ्याला ही सोय फार मोलाची वाटेल. स्विसटूलच्या जबड्यांची घडण सुबक आहे, टोकं नेमकी जुळतात, पण कटर अंगचाच आहे. तो गेला तर कंपनीकडे पाठवणं आलं.

मग बघायचं ते उघडतं कसं. कॅटलॉगमध्ये हे कळत नाही आणि शिडीवर सगळ्यात जास्त तेच नडतं. सुपर टूल 300 ची सगळी पाती दांड्यांच्या आत असतात. चाकू हवा तर आधी दांडे उघडा, पातं काढा, दांडे पुन्हा मिटा. एक हात पाइपाला धरलेला असताना हे कसं जमणार? सर्जची दोन्ही पाती, मोठी कात्री आणि करवत-कानशीची जागा बाहेरच्या बाजूला आहे. पातं अंगठ्याने एका हातात उघडतं. स्विसटूलमध्ये तर पक्कड सोडून सगळंच बाहेरून निघतं आणि प्रत्येक अवजार लॉक होतं. फक्त उघडायला नखाची खाच आहे, म्हणजे दोन हात लागतात. जाड हातमोजे घालून ती खाच सापडेपर्यंत खालून तुमच्या नावाने दोनदा हाक आलेली असते.

तिसरं पाहायचं ते स्क्रूड्रायव्हर, आणि तुमच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. सर्जमध्ये लेदरमनचे चपटे बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची सुटी टोकं, बसतात. जागा वाचवायला बिट चपटा केला, त्यामुळे फिलिप्सच्या, म्हणजे अधिक चिन्हासारख्या टोकाच्या, चारपैकी दोनच पाकळ्या धड उरल्या. साध्या स्क्रूला त्याने भागतं. घट्ट बसलेल्या स्क्रूवर मात्र बिट उसळतो आणि डोकं खातो. एक्स्टेंडर, म्हणजे बिट धरणारी जोडदांडी, वेगळा मिळतो, तो लावला की पाव इंची षटकोनी बिट चालतात. घेणार असाल तर त्याच्यासकटच घ्या. सुपर टूल आणि स्विसटूल यांच्यात मात्र पूर्ण चार पाकळ्यांचा फिलिप्स कायमचा बसवलेला आहे. हट्टी स्क्रूसाठी मी डोळे झाकून स्विसटूल उचलीन.

आता वजन. सर्ज 355 ग्रॅम, सुपर टूल 272, स्विसटूल साधारण 290. मिटल्यावर तिघांचीही लांबी साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास. 355 ग्रॅम पट्ट्याला चालतात, खिशात नाही. शिडी चढताना सर्ज प्रत्येक पायरीला आपटतं. म्यान आडवं, कमरेच्या मागच्या अंगाला सरकवा आणि उंचीवर काम करताना हत्याराला दोरी बांधा. एवढं लोखंड वरून खाली कोणाच्या डोक्यावर पडलं तर त्याला रात्रीचा प्रयोग बघायला मिळणार नाही.

तुम्ही केबल-टाय आणि वायरी म्हणालात, शिडी म्हणालात, एक हात गुंतलेला असतो हेही त्यात आलं. सर्ज घ्या, एक्स्टेंडरसकट. सुपर टूलमध्ये कात्री नाही आणि बिटही बदलत नाहीत. ते तोडमोडीच्या कामाचं हत्यार आहे, तुमच्या कामाचं नाही.

प्रश्न : मी कार्यालयात काम करते. सायकल, घरातली किरकोळ दुरुस्ती आणि सुट्टीत डोंगर, एवढाच वापर. सगळे म्हणतात ‘घ्यायचं तर हेवी ड्युटीच घे’. खरंच गरज आहे का?

उत्तर : मुळीच नाही. जे जड होतं ते आठवडाभर पर्समध्ये राहतं आणि मग कपाटात जातं. लेदरमनचं वेव्ह प्लस 241 ग्रॅमचं आहे, दहा सेंटीमीटरचं. कटर त्यातही बदलता येतात. सर्जपेक्षा शंभरावर ग्रॅम कमी, आणि घरातलं बहुतेक काम तेवढ्यात होतं. त्याहून हलकं हवं तर व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट बघा. साडेदहा सेंटीमीटर लांब, दोनशे ग्रॅमच्या थोडं वर, कडा गोलसर, हातात बोचत नाही. बोचण्यावरून आठवलं : लेदरमनचं 1983 सालचं पहिलं हत्यार, पीएसटी, पक्कड जोरात दाबली की दांड्यांच्या पत्र्याच्या कडा थेट तळव्यात रुतायच्या. लोकांनी तरी ते वर्षानुवर्षं वापरलं, कारण खिशात मावणारी खरी पक्कड मिळत होती.

सायकलसाठी एक सूचना. ब्रेकची पिळाची केबल मल्टीटूलच्या कटरने कापली तर तिचे पदर फाकतात आणि मग ती नळीत शिरत नाही. आधी कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, तिच्यावरूनच कापा. आणि नट पक्कडीने आवळू नका. पक्कडीचे दात नटाचे कोपरे खातात. त्याला पानाच हवा.

प्रश्न : माझ्या मल्टीटूलच्या कटरला अर्धचंद्रासारखी खाच पडली आणि नोजप्लायरचं एक टोक तुटलं. पोलादच निकृष्ट असेल का?

उत्तर : हत्यार न बघता पोलादाला दोष देणार नाही. काय कापलंत ते लिहिलेलं नाही, पण अर्धचंद्राची खाच बहुतेक वेळा स्प्रिंगची तार, गिटारची तार किंवा कडक खिळा अशा गोष्टींनी पडते. तार धारेइतकीच कडक असेल तर धारच हरते. कडक तारेसाठी कटरच्या मुळाशी, सांध्याला अगदी लागून वेगळी खाच असते. तार जितकी सांध्याजवळ, तितका दाब जास्त. टोकाकडे कापायला जाल तर जोर तुमचा जातो आणि नुकसान पक्कडीचं होतं.

टोक तुटलं ते पिळण्यामुळे. नोजप्लायरचं टोक चिमटीत धरायला असतं, तिथे धरून मनगट फिरवायला नाही. काही जण अडलेला खिळा टोकाने उचकटतात, तेही त्यातलंच. जाड काम जबड्याच्या मागच्या वळणात घ्या.

जोर कमी पडतो म्हणून हे होत असेल तर सॉग कंपनीच्या पॉवरलॉकसारखी दातेरी चाकांची पक्कड बघा. सांध्यात दोन गिअर एकमेकांत फिरतात, त्यामुळे तेवढ्याच हाताच्या जोरावर जबडा जास्त दाबतो. फुकट काहीच मिळत नाही. तेवढेच जबडे उघडायला दांडे जास्त फाकवावे लागतात, म्हणजे छोट्या हातांची पंचाईत. शिवाय दात्यांत कचरा बसतो.

प्रश्न : मॅग्नाकट पोलादाचं पातं असलेलं लेदरमन आर्क घ्यावं की साध्या 420एचसी पोलादावर भागेल?

उत्तर : मॅग्नाकट उत्तम आहे, यात वाद नाही. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी ते तयार केलं, 2021 मध्ये बाजारात आलं. त्यातली गंमत अशी की पोलाद धार धरून राहावं म्हणून त्यात कठीण कार्बाइडचे कण लागतात, आणि नेहमीच्या स्टेनलेसमध्ये हे कण गंज रोखणारं क्रोमियमच खाऊन टाकतात. मॅग्नाकटमध्ये हे कण व्हॅनेडियम आणि निओबियमचे होतात, क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहतं. म्हणून धारही टिकते आणि गंजही लांब राहतो.

पण आर्कमध्ये मॅग्नाकटचं आहे ते फक्त चाकूचं पातं. पक्कड, कात्री, स्क्रूड्रायव्हर हे सगळं नेहमीच्याच जातीचं. तुम्ही दिवसभर पुठ्ठे आणि दोर कापत असाल तर फरक जाणवेल. बाकीच्यांना 420एचसी पुरतं. ते लवकर बोथट होतं, पण घरच्या साध्या दगडावर चार हात मारले की पुन्हा चालू. मॅग्नाकटला हिऱ्याच्या कणांची पट्टी जवळ ठेवलेली बरी. मला स्वतःला लवकर धार लागणारं पातं आवडतं, कारण कामाच्या जागी जे सापडेल त्यावर ते घासता येतं.

आर्कमध्ये मला खरं भावतं ते दुसरंच. अवजारं चुंबकाने जागी बसतात आणि पक्कडसुद्धा एका हाताने उघडते. जाहिरात मात्र पात्याची होते.

प्रश्न : मी वायरमन आहे. दांड्यांना रबरी नळी चढवून चालू लाइनवर वापरलं तर चालेल का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. मल्टीटूल सगळंच्या सगळं धातूचं असतं. दांड्यावरचा रंग, रबर, टेप यातलं काहीही इन्सुलेशन म्हणून तपासलेलं नसतं. चालू लाइनसाठीच्या हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. ती आयईसी 60900 या मानकाप्रमाणे तपासलेली असतात. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मग मल्टीटूल हातात घ्या. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीलाही गृहीत धरू नका. तिचा झटका लागत नाही, पण दोन टोकांवर पोलाद आडवं पडलं तर ते क्षणात लाल होतं.

प्रश्न : समुद्रावर वापरून आणलं. महिन्याभरात सांधे करकरायला लागले, तांबडे ठिपकेही दिसताहेत. स्टेनलेस ना हे?

उत्तर : स्टेनलेस म्हणजे गंज कमी, गंज नाहीच असं नाही. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याच्या संरक्षक थराला बारीक भोकं पाडतं. समुद्रावरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवायचं. आता कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या, प्रत्येक अवजार पाण्यातच उघडमीट करा, मग पूर्ण वाळवा. फुंकर मारून नाही, उन्हात किंवा गरम हवेत. नंतर प्रत्येक सांध्याला एकच थेंब पातळ मशीनचं तेल, जास्तीचं पुसून टाका. तेल निथळत ठेवलं तर वाळू आणि खिशातला कापूस त्यात बसून पेस्ट होते. डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला छान आहे, पण तेवढ्यावर थांबू नका, ते उडून गेलं की सांधा पुन्हा कोरडा. चामडी म्यान मिरवायला ठीक, साठवायला वाईट : चामडं ओल धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पोलादाला डाग पाडतात.

प्रश्न : विमानात नेता येईल?

उत्तर : पातं असेल तर केबिनमध्ये नाही. चेक-इन सामानात टाका आणि उतरायच्या देशातला कायदा आधी वाचा. ब्रिटनमध्ये घडीचा, लॉक न होणारा, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा चाकू कारणाशिवाय जवळ ठेवता येतो. लॉक होणाऱ्याला सार्वजनिक जागी सबळ कारण दाखवावं लागतं. आज वर ज्यांची नावं आली, त्यांतलं जुनं पीएसटी सोडलं तर बाकीच्यांची पाती लॉक होणारीच आहेत.

प्रश्न : हातात घेऊन बघायला मिळालं तर काय तपासू?

उत्तर : पक्कड मिटून उजेडापुढे धरा. टोकं जुळलेली हवीत, एक पुढे एक मागे नकोत. पातळ कागद टोकात पकडून ओढा, सुटता कामा नये. मग प्रत्येक पातं उघडून लॉक करा आणि बोटं धारेच्या वाटेत न ठेवता पाठीवर हलका दाब द्या. लॉक सरकला तर ते हत्यार परत ठेवा, मग त्यावर नाव कोणाचंही असो. आतलं एक अवजार काढताना शेजारची दोन बरोबर येतात का ते बघा. थोडं चालतं, नवं असतं तेव्हा ताठ असतं. शेवटी पक्कड उघड्या तळव्यात घेऊन पूर्ण जोराने दाबा. दुकानात दहा सेकंदांत जिथे टोचतं, तिथे कामाच्या दिवशी फोड येतो.