फाटक गेलं, पण वर कोणी चढायचं?

प्रश्न : माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथे ट्राम आणि लोकल भर रस्त्यात एकमेकींना छेदतात, आणि आता ती फाटकं काढून रेल्वेच खाली नेतायत, असं तो सांगत होता. आमच्या विक्रोळीत मात्र रूळ जागेवर राहिले आणि रस्ता पुलावर गेला. आपल्याला तसं का जमलं नाही?
— एक वाचक, विक्रोळी (पूर्व)

उत्तर : ताई, भाचा म्हणतो ते खरं आहे. माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात झाली, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच लिहितो.

मेलबर्नच्या ग्लेन हंटली स्टेशनाजवळ ६७ नंबरची ट्राम फ्रँकस्टनच्या लोकल मार्गाला आडवी जायची. ट्रामची तार ६०० व्होल्टची, ट्रेनची १५०० व्होल्टची. खाली रुळांचा जेवढा गुंता, तेवढाच वर तारांचा. गाडी तिथून ताशी २० किलोमीटरने काढावी लागे. २०२३ मध्ये त्यांनी रूळ खाली चरात उतरवले. तिथल्याच गार्डिनर स्टेशनाला हेच २०१६ मध्ये झालं होतं. कूयाँग आणि रिव्हर्सडेलला ट्राम अजून रूळ ओलांडते.

म्हणजे फायदा फक्त मोटारींचा झाला नाही, गाड्यांचाही झाला. फाटकामुळे गाड्या कशा अडतात, ते आपल्याकडे दिवा स्टेशनच्या फाटकावर रोज दिसतं. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय लोकलला हिरवा सिग्नल मिळत नाही. दांडीखाली एक रिक्षा अडकली तरी मागच्या गाड्या खोळंबतात. लोक गेटमनवर चिडतात, पण त्याच्या हातात काही नसतं. यंत्रणाच तशी बांधलेली आहे, आणि ती तशीच हवी.

आता तुमचा प्रश्न. रूळ खाली न्यायचे तर मार्ग बंद ठेवावा लागतो. मेलबर्नला असा मार्ग काही आठवडे बंद ठेवून बदली बसगाड्या चालवतात. आपल्याकडे रविवारच्या काही तासांच्या मेगाब्लॉकनेच दादर-कुर्ल्याला काय होतं, ते तुम्ही पाहता. मध्य रेल्वेची गर्दी आठवडाभर बसमध्ये मावणार नाही. शिवाय पाणी. कुर्ला, शीव इथले रूळ आत्ताच जोरदार पावसात बुडतात. त्यात खोल चर खणला तर पंप बंद पडायचा अवकाश, गाड्या ठप्प. म्हणून इथे रस्ताच वर जातो. विक्रोळीचा पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि लालबहादूर शास्त्री मार्ग पूर्व द्रुतगती महामार्गाला जोडला गेला. वाहनांसाठी ते चांगलंच झालं.

पण ताई, यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. रूळ खाली गेले की चालणारा माणूस सपाट रस्त्यानेच पलीकडे जातो. रस्ता वर गेला की चढ त्याच्या वाट्याला येतो. गाडीला चढ कळत नाही, गुडघे दुखणाऱ्या बाईला कळतो. मग ती रूळ ओलांडते. तिला बेशिस्त म्हणायला मी तयार नाही. फाटक कायमचं बंद करण्याच्या आधी लिफ्ट किंवा सरकत्या जिन्याचा पादचारी पूल, जमेल तिथे सबवे, चालू झालाच पाहिजे. वाहनांचा पूल नंतर झाला तरी चालेल.

तुमच्या भागात पुढे कुठलंही फाटक बंद व्हायची नोटीस लागली, तर नगरसेवकाला आधी हेच विचारा : पायी जाणाऱ्यांची वाट कुठून, आणि ती कोणत्या तारखेला उघडणार? उत्तर लेखी घ्या.