एन्ट्रॉपी नेमकी कुठे वाढते? वाचकांचे प्रश्न

गुऱ्हाळातली काहील उतरवली की निवते, आपोआप तापत नाही. क्वांटम कणांची वाटचाल सांगणारं श्रोडिंजरचं समीकरण मात्र काळात उलटंही चालतं. मग ही एकदिशा येते कुठून? (वाचक, कागल)

क्यूबिट (दोन ऊर्जापातळ्यांची क्वांटम प्रणाली) आणि भोवतालचा उष्णतेचा साठा एकत्र धरले, तर फॉन नॉयमन एन्ट्रॉपी (क्वांटम अवस्थेतल्या अनिश्चिततेचं माप) तसूभरही बदलत नाही. पण दोघांत सहसंबंध तयार होतात आणि साठाही समतोलापासून जरासा ढळतो. साठ्यातल्या कणाकणाचा माग ठेवणं कुणालाच जमत नाही, म्हणून या दोन्ही गोष्टी हिशेबातून सुटतात. सुटलेल्या दोन्हींची बेरीज म्हणजेच एन्ट्रॉपीची निर्मिती. एस्पोझिटो, लिंडेनबर्ग आणि व्हॅन डेन ब्रूक या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१० साली हे काटेकोरपणे दाखवलं. सुरुवातीला साठा समतोलात हवा आणि सहसंबंध शून्य हवेत, ही अट मात्र विसरू नका.

एका क्यूबिटसाठी एन्ट्रॉपीची निर्मिती काढणारा प्रोग्रॅम लिहिलाय. उत्तर कधी ऋण येतं, कधी फारच कमी. (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ)

क्यूबिटच्या एन्ट्रॉपीतला बदल, अधिक साठ्याला दिलेली उष्णता भागिले तापमान, एवढंच सूत्र आहे. बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान १ धरा, दोन पातळ्यांतलं अंतर १.०९९ घ्या. समतोलात खाली ३/४, वर १/४ वाटा राहतो. वरच्या पातळीपासून निघालात तर एन्ट्रॉपी ०.५६२ ने वाढते, साठ्यात ०.८२४ उष्णता जाते, निर्मिती १.३८६. उष्णतेचं चिन्ह उलटं पडलं की −०.२६२ येतं, तुमचं ऋण उत्तर बहुधा तिथलंच.

उत्तर कमी येण्याचं कारण जास्त महत्त्वाचं. दोन्ही पातळ्यांच्या समसमान सुपरपोझिशनपासून (एकाच वेळी दोन्हींत असलेल्या अवस्थेपासून) सुरुवात केली, तर खरी निर्मिती ०.८३७ आहे. घनता मॅट्रिक्सच्या (क्यूबिटची अवस्था नोंदवणाऱ्या कोष्टकाच्या) फक्त कर्णावरच्या संख्या घेतल्या तर ०.१४४ च दिसते. मधले ०.६९३ कोहेरन्स (दोन पातळ्यांमधला क्वांटम मेळ) नष्ट होण्याचे. म्हणून एन्ट्रॉपी नेहमी घनता मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांवरून (मॅट्रिक्स कर्णरूपात आणल्यावर कर्णावर उरणाऱ्या संख्यांवरून) काढा, आणि शून्य मूल्य आलं तर ते पद वगळा, नाहीतर लॉगरिदम अडकतो.

प्रयोगाच्या एखाद्या फेरीत निर्मिती ऋण आली, तर उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला का? (शिक्षक, इचलकरंजी)

नाही. एकेका फेरीत ऋण येऊ शकते, सरासरी येत नाही. क्लोरोफॉर्ममधल्या कार्बन-१३ च्या केंद्रकांवर एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात केंद्रकं तपासण्याच्या तंत्राने) ही सरासरी २०१५ साली मोजली गेली. प्रत्येक फेरीत आधी आणि नंतर ऊर्जा मोजायची असेल, तर एक जपा: पहिलं मापनच कोहेरन्स पुसतं, आणि वरचे ०.६९३ तुमच्या आकडेवारीत उतरतच नाहीत.