रात्री बसून ते ‘नीट’ करणं थांबव

‘ताई, माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. सणाच्या सुट्टीत त्याच्यासोबत हाताने काहीतरी बनवावं म्हणून मी आठवडाभर आधीच रंगीत कागद कापून ठेवले, ताऱ्यांचे आकार काढले, मणी-टिकल्या आणल्या. पण तो पाच मिनिटंही बसत नाही. दिलेले तुकडे फाडतो, नाहीतर सगळे एकाच जागी एकावर एक चिकटवतो. नणंदेचा मुलगा याच वयाचा आहे, त्याच्या हातच्या शुभेच्छापत्रांचे फोटो रोज घरच्या ग्रुपवर येतात. शेवटी रात्री तो झोपला की मी सगळं नीट करते, भिंतीवर लावते आणि फोटो पाठवते. नवरा म्हणतो, कशाला एवढा खटाटोप! आणि मुलगा तर सकाळी उठून त्याकडे धड बघतही नाही, “आईचं” म्हणतो आणि निघून जातो. त्याला यात गोडी कशी लावू?’
– एक थकलेली आई

अगं, तुझ्या पत्रात नणंद आहे, नवरा आहे, ग्रुप आहे. मी मात्र अडले ती तुझ्या लेकाच्या त्या एका शब्दावर. ‘आईचं.’ तू तो घाईघाईत लिहून पुढे गेलीस. तुला त्यात त्याची नावड दिसली. मला त्यात त्याची तक्रार ऐकू आली, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

त्याच्या जागी जाऊन बघ. काल दुपारी त्याने कागदावर डिंकाचा लपका टाकला. त्यावर एक तुकडा ठेवून तळहाताने दाबला. मग त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. बोटं चिकटली, ती सुटताना कागद सोबत आला, तो पुन्हा दाबला. केवढं काम केलं त्याने! सकाळी उठून बघतो तर तो ढीग गायब, आणि तिथे पाच टोकांचा देखणा तारा. त्याला जेवढे शब्द येतात त्यातला एक नेमका काढून त्याने तुला सांगितलं, हे माझं नाही. मग दुसऱ्या दिवशी त्याने कशाला बसावं? गोडी त्याला होती. रोज रात्री ती तूच पुसून टाकते आहेस.

रागावू नकोस, पण हे तुला स्पष्ट सांगणारं कुणी भेटलेलं दिसत नाही.

एकावर एक चिकटवण्यात काहीही चुकत नाही. या वयात मुलाला चित्र बनवायचं नसतं, त्याला चिकटवायचं असतं. आधी ठरवून ‘हा तारा, हे घर’ असं काढणं साधारण तीन-चार वर्षांच्या आसपास सुरू होतं. त्याच्या आधीच्या रेघोट्यासुद्धा उगाच मारलेल्या नसतात. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकी शिक्षिकेने लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे रेघोट्यांचे 20 मूळ प्रकार मांडले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, गोल गोल गुंता. पुढची सगळी चित्रं याच रेघांतून उभी राहतात.

हाताचंही तसंच. सव्वादोन वर्षांचं मूल खडू बहुतेक मुठीत धरतं आणि अख्खा दंड फिरवतं. तुझ्या तळहाताएवढ्या ताऱ्यात त्याने रंग भरावा तरी कसा? मोठा कागद जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का कर, जाड खडू दे. डिंक झाकणात थोडासा काढून दे, बोटाने लावू दे. आणि फाडतो म्हणतेस ना, तर जुने कागद त्याच्यासमोर ठेव आणि फाडू दे पोटभर. दोन हातांनी दोन दिशांना कागद ओढायचा, हेच बोटांचं कात्रीआधीचं शिक्षण. कात्रीचे पहिले कच-कच तुकडे बहुतेक मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतात, आणि रेघेवरून कापायला आणखी पुष्कळ वेळ लागतो. त्यामुळे ग्रुपवरच्या त्या फोटोंवर तू रात्र जागवू नकोस.

पाच मिनिटं बसतो? भरपूर झाली. तो उठला की आवरून टाक, मागे लागू नकोस.

मणी, टिकल्या आणि बटणं मात्र आजच्या आज वर ठेव. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती घशात अडकेल अशी वस्तू द्यायचीच नाही. टिश्यूच्या रोलची रिकामी नळी घे, तिच्यातून जे आरपार पडतं ते त्याच्यासाठी नाही. बटणासारखे चपटे सेल असलेले दिवे तर सजावटीतही त्याच्या हाताला लागू देऊ नकोस. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. या एका बाबतीत मी तुला पर्याय देणार नाही.

माझी लेक या वयाची असताना तिने एका कार्डावर सगळा निळा रंग एका कोपऱ्यात घासला होता. इतका, की कागद भिजून भोक पडलं. उरलेलं कार्ड कोरं. मी ते तसंच तिच्या आजीला दिलं. आजीने भोकातून डोळा लावून तिच्याकडे बघितलं, आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येकाला त्या भोकातून बघावं लागलं. ती स्वतः हात धरून घेऊन जायची.

तेव्हा आज रात्री तो झोपला की कात्री आणि डिंक उचलून कपाटात ठेव आणि तूही झोप. भिंतीवरचे तुझे तारे उतरव. उद्या तो जे करेल, ढीग, फाटका कागद, नुसता डिंकाचा डाग, ते त्याच्यासमोरच भिंतीवर लाव, तुझ्या नाही तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो हात लावेल, ओढेल, कदाचित पाडेलही. पुन्हा लाव. ग्रुपवर फोटो पाठवायचाच असेल तर त्याचाच पाठव, आहे तसा.

आणि परवा सकाळी भिंतीपाशी उभा राहून तो काय म्हणतो, ते मला कळव. मी वाट बघते आहे.