घरी खायला आणि बाजारात विकायला, दोन्हीला चालणारा, करपा कमी येणारा बटाट्याचा वाण कोणता?

रब्बीत लावणार असाल तर कुफरी चिप्सोना-१ घ्या. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 मध्ये आणलेला हा वाण उशिरा येणाऱ्या करप्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. गर कोरडा आणि साखर कमी, म्हणून वेफर्स तळताना काळपट पडत नाहीत, भाजीलाही चालतो. पुखराज हा दुसरा वाण लवकर निघतो खरा, पण पाणचट, तळणाला नकोच. फक्त चिप्सोनाला 100-110 दिवस द्यावे लागतात. आणि प्रतिकारक म्हणजे करपा येतच नाही असं नव्हे: ढगाळ, दमट हवेत पानं उलटून बघा, पांढरी बुरशी दिसण्याआधीच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा. बियाणं प्रमाणितच घ्या. वेफर्सचा माल थंड शीतगृहात ठेवू नका, गोडसर होतो.