पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर: आधी पत्रा तयार करा

नव्या पिकअपच्या हौद्यात प्लास्टिकचं तयार लायनर टाकावं की स्प्रे लायनर (पत्र्यावर फवारून बसवायचा संरक्षक थर) मारावं, आणि किट आणून घरीच मारलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्प्रेच्या बाजूचं आहे. प्लास्टिकचं लायनर पत्र्याला चिकटलेलं नसतं. खाली पाणी आणि बारीक रेती शिरते, गाडी चालताना लायनर हादरतं आणि तीच रेती रंग घासून काढते. वरून सगळं ठीक दिसतं, उचललं की गंज. स्प्रेचा थर पत्र्याला धरून बसतो, पाण्याला जागाच राहत नाही.

मात्र त्यासाठी पत्रा नीट तयार हवा. सोललेली लायनरं मी पाहिली आहेत; बहुतेक ठिकाणी चूक मालाची नसते, चकचकीत रंगावर थेट मारलेलं असतं. आधी हौदा धुऊन ग्रीस, मेण, पॉलिश पूर्ण काढा आणि मगच घासा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं. कोपरे आणि तळाच्या खाचा हातानेच घासाव्या लागतात. कंटाळा तिथेच येतो आणि थर सुटायला सुरुवातही तिथूनच होते. चमक कुठेही उरता कामा नये. रंग पत्र्यापर्यंत खरवडू नका, कंपनीचा शाबूत रंग हा उत्तम पाया आहे. पत्रा उघडा पडला असेल तेवढ्या जागी इपॉक्सी प्रायमर (उघड्या पत्र्यावरचं अस्तर) लावा. गंज मात्र मुळापासून काढा, झाकलेला गंज आतून वाढतच राहतो. हुक काढून घ्या, बोल्टची आणि पाणी जायची भोकं फवारणीपुरती बुजवून ठेवा. मास्किंग टेप थर पूर्ण वाळायच्या आत ओढा, नाहीतर कडा फाटते.

वर्कशॉपमध्ये लायनरच्या मालाचे दोन घटक गरम करून मोठ्या दाबाने फवारतात. ते काही सेकंदांतच घट्ट होऊ लागतात, म्हणून 3 मिलिमीटरच्या आसपास जाड थर बसतो. किटचा थर बराच पातळ असतो. हलक्या सामानाला तो पुरतो. दगड, लोखंड वाहणार असाल तर वर्कशॉपच गाठा.

घरी मारण्याबद्दल कळकळीने सांगतो. बहुतेक किटमधल्या हार्डनरमध्ये (थर घट्ट करणाऱ्या घटकात) आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. कापडी किंवा कागदी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क मिळत नसेल तर घासण्याचं काम स्वतः करा आणि फवारणी वर्कशॉपवर सोपवा.

तिथे विचारायचं ते एवढंच: उन्हात टिकणारा वरचा थर देणार का? साध्या, ॲरोमॅटिक प्रकारच्या मालाचा काळा रंग उन्हाने फिका पडतो, ॲलिफॅटिक प्रकारच्या मालाचा टिकतो. गाडी हातात आल्यावर सांगितलेली मुदत संपेपर्यंत जड माल भरू नका. हाताला कोरडा लागलेला थर आतून अजून पिकत असतो.