अमेरिका इलेक्टोरल कॉलेज मोडीत काढून थेट देशभरची मते का मोजत नाही?

अमेरिकेचा अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर नव्हे, राज्यांना वाटून दिलेल्या ‘इलेक्टोरल’ मतांवर निवडला जातो; हीच इलेक्टोरल कॉलेजची पद्धत. ती का मोडावी, यासाठी २०१६ चा दाखला दिला जातो: हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त, तरी अध्यक्ष ट्रम्प. याचं खापर बहुतेक जण लहान राज्यांना मिळणाऱ्या जादा वजनावर फोडतात. आकडेमोड करून पाहा, ते पुरतं बसत नाही.

इलेक्टोरल मते ५३८: अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा, वरिष्ठ सभागृह सिनेटच्या १०० आणि वॉशिंग्टन डीसीची ३. जिंकायला २७० लागतात. सिनेटमुळे प्रत्येक राज्याला दोन मते सरसकट मिळतात, म्हणून वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार लोकांमागे एक मत पडतं, तर कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांमागे. (आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही राज्यागणिक वजन असतंच, महाराष्ट्रातल्या आमदाराचं मत १७५ चं, पण ते १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेलं, अशी खिरापत नाही.) आता ही दोन-दोन मते सगळ्यांची काढून टाका. २००० मध्ये अध्यक्ष झाले बुश, पण या हिशेबाने गोर २२५, बुश २११, निकाल फिरतो. २०१६ मध्ये मात्र ट्रम्प २४६, क्लिंटन १९०.

खरी मेख आहे ती ‘राज्यात पहिला त्याला सगळी मते’ या नियमात. तो घटनेत नाही, राज्यांच्या कायद्यांत आहे. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे तोच चालतो. २०२० मध्ये ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा कॅलिफोर्नियात जास्त मते पडली, ६० लाखांवर. इलेक्टोरल मते मिळाली शून्य. उलट ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून बायडन यांची आघाडी जेमतेम ४३ हजारांची. ती गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी.

मेन-नेब्रास्कासारखी मतदारसंघवार वाटणी सगळीकडे केली तर? तो उपाय रोगापेक्षा वाईट. २०१२ मध्ये ओबामा जवळपास ५० लाख मतांनी पुढे होते, पण त्या पद्धतीने त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी २७४-२६४ ने जिंकले असते, कारण मतदारसंघांच्या सीमाच सोयीने आखलेल्या असतात.

थेट मतांनाही अडचणी आहेत, आणि पुरस्कर्ते त्या फार हलक्यात घेतात. फेरमोजणीचे नियम राज्याचे: फ्लोरिडात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला की आपोआप फेरमोजणी. देशभर अटीतटी झाली, पण एकेका राज्यात फरक मोठा असला, तर ती सुरू कोण करणार? शिवाय ४३ टक्क्यांवर कुणी निवडून यावं का? थेट मतांसाठीच्या १९६९ च्या प्रस्तावित घटनादुरुस्तीत ४० टक्क्यांची अट होती, त्याखाली दुसरी फेरी. प्रतिनिधिगृहात ती ३३८-७० ने मंजूर झाली आणि १९७० मध्ये सिनेटमध्ये अडवली गेली. आज तेच करायचं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी हवी. नाद सोडा.

म्हणून आडवाट काढली आहे: राज्यांचा आपसातला करार. देशभरात ज्याला जास्त मते, त्यालाच आपली सगळी इलेक्टोरल मते. मात्र सहभागी राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच लागू. २००७ मध्ये मेरीलँडने सुरुवात केली, २०२४ अखेर १७ राज्ये आणि डीसी मिळून २०९. अशा कराराला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती लागते का, हा वाद न्यायालयात जाणारच. पण त्याआधी करार टिकेल का, हीच मला मोठी शंका वाटते. सही करणारी ही राज्ये डेमोक्रॅटिक कलाची. २०२४ मध्ये ट्रम्प देशभरात सुमारे २३ लाखांनी पुढे होते. करार लागू असता तर कॅलिफोर्नियाची ५४ मते त्यांनाच द्यावी लागली असती.