विटा ओळीत दिसल्या की हात थांबवा

मागच्या अंकात मी ट्रायल पिटबद्दल, म्हणजे जमिनीखालच्या केबली आणि पाइप आधी हातानं उघडे करून बघायच्या खड्ड्यांबद्दल, दोन ओळी लिहिल्या आणि टपालाचा गठ्ठा आला. निम्मी पत्रं रिडेव्हलपमेंटवाल्या सोसायट्यांची. मुंबईत सध्या दुसरं काही बांधलंच जात नसावं. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत.

ताई, आमच्या सोसायटीची खोदाई पुढच्या महिन्यात सुरू होणार. सल्लागारांनी गेटपासून जुन्या मीटर रूमपर्यंत सात ठिकाणी हातानं खड्डे घेऊन केबल आणि पाइप उघडे करून बघायला सांगितलं आहे. कंत्राटदार म्हणतो, "एनओसी आहेत, नकाशे आहेत, मशीन फिरवून झालंय. आता चार दिवस माती उकरत बसायचं म्हणजे पैसे पाण्यात." सभासदही त्याच्याच बाजूचे. सभेत काय सांगू? – सचिव, विलेपार्ले

सचिवसाहेब, माझीच चूक सांगा. १९९७ चा डिसेंबर, लोअर परळची एक गल्ली. मी साइटवर नवीन, हातात नकाशा. त्यावर स्पष्ट लिहिलेलं : केबल फुटपाथच्या कडेपासून १.२ मीटरवर. टेप लावला, चुन्यानं रेघ मारली आणि रेघेपासून चांगलं लांब खोदायला लावलं. नकाशा खोटा नव्हता. नकाशा काढल्यानंतर रस्ता रुंद झाला होता आणि फुटपाथची कडा सरकली होती. मी मापलं ते नव्या कडेपासून.

खोदताना विटा लागल्या. मुंबईच्या जमिनीत विटा लागल्या तर कोण थांबतं? अर्धं शहर भरावावर आहे, कुठेही पहार मारा, डेब्रिज निघतं. पण या विटा आडव्या, एकीला एक चिकटून, ओळीत होत्या. केबल टाकणारे वरून विटा किंवा काँक्रीटच्या फरशा झाकतात, ते याचसाठी. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि मला ते दिसलं नाही. गड्यानं वीट उचकटून पहार घातली. आवाज फटाक्यासारखा नसतो, कुणीतरी जाड पत्रा फाडावा तसा असतो. त्याच्या भुवया आणि दोन्ही हातांवरचे केस गेले, उजवा तळवा भाजला. पहारीच्या टोकाचा सुपारीएवढा तुकडा वितळून गेला होता. मुकादमानं आठवड्यात ती घासून परत कामाला लावली. मला मात्र महिनाभर खड्ड्यात वाकून बघवत नव्हतं.

तेव्हा कंत्राटदाराला विचारा, नकाशातलं माप कशापासून घेतलं आहे? ती कडा, तो खांब, ती कंपाउंडची भिंत आज जागेवर आहे का? खोलीचंही तसंच. भारतीय मानकाप्रमाणे ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) केबल ९० सेंटिमीटर खोल हवी, ३३ केव्हीची १.०५ मीटर. टाकताना ती तेवढी असेलही. नंतर रस्ता खरवडला, पेव्हर ब्लॉक बसवायला माती काढली, की वरचं आवरण कमी होतं. पेव्हरखाली वीतभरावर ११ केव्ही मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एनओसीचा अर्थही सभेत समजावून सांगा. एनओसी म्हणजे आमची हरकत नाही. आमची लाइन नक्की इथे आहे, असं त्यात कुणी लिहून देत नाही. शहरात वीज बेस्टची, पश्चिम उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर, आणि तुमच्याकडे एकाच रस्त्याखाली दोघांच्याही केबली असू शकतात. शिवाय गॅस, पालिकेचं पाणी, मलवाहिनी, टेलिफोन, फायबर. दूरसंचार विभागाचं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खोदाईची नोंद त्यात जरूर करा, लाइनवाल्यांना सूचना जाते. पण १९७४ साली तुमच्याच सोसायटीनं प्लंबरकडून फिरवून घेतलेली पाण्याची लाइन कुठल्या ॲपमध्ये असणार? ती जुन्या रखवालदाराला विचारा.

आता खड्डे कसे घ्यायचे ते. लाइन जशी जाते असं वाटतं, तिला आडवा खड्डा. मीटरभर लांब, दोन फूट रुंद, आत माणूस वाकू शकेल इतका. ब्रेकर फक्त वरच्या काँक्रीटपुरता, माती दिसली की बंद. पुढे फावडं, तेही वीतभर थर काढत, टोक न मारता. पहार आणि टिकाव खड्ड्याबाहेर ठेवा, हाताशी असले की माणूस वापरतोच. पिवळी किंवा लाल पट्टी, वाळूचा थर, ओळीतली वीट यांतलं काहीही दिसलं की फावडंही बाजूला ठेवा आणि लाकडी मुठीच्या खुरप्यानं बाजूनं माती काढा, डोक्यावरून नाही. लाइनच्या शेजारी खाली उतरायचं आणि मग तिच्याकडे आडवं सरकायचं. वरून चुकलेला घाव थेट तिच्यावर बसतो. आणि एक सापडली म्हणून वर येऊ नका. पाण्याच्या पाइपाखाली केबल, केबलखाली मलवाहिनी, अशी मुंबईची वसाहत खालीही दाटीवाटीची आहे.

कंत्राटदाराचे चार दिवस खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण ३० नोव्हेंबर २०२३ ला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रो-६ च्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतली घरंच्या घरं कित्येक दिवस पाण्याविना होती. तुमचं पार्ले तिथून फार लांब नाही. सभेत निम्म्या लोकांना ते दिवस आठवतील.

जाता जाता : पत्राच्या शेवटी तुम्ही बोअरवेलचा उल्लेख केला आहे. तिथे ट्रायल पिट उपयोगाचा नाही. ठाण्यात बोअरवेलच्या खोदाईनं जमिनीखाली शंभरेक मीटरवरचा पालिकेचा जलबोगदा गळायला लागला आणि दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. बोअरवेलची जागा जलअभियंता खात्याकडून लेखी तपासून घ्या.

मॅडम, डिप्लोमा झाल्यावर ही माझी पहिलीच साइट आहे. लोकेटर (जमिनीखालची केबल-पाइप शोधणारं मशीन) फिरवला, काहीच वाजलं नाही. जीपीआरवाला (जमिनीत रडारच्या लहरी सोडून बघणारा) येऊन गेला, त्याच्या स्क्रीनवर सगळं करडं. साहेब म्हणतात, रिपोर्टमध्ये "क्लिअर" लिही. लिहू का? – एक शिकाऊ इंजिनिअर, शिवडी

नाही. "सापडलं नाही" असं लिही. या दोन शब्दांनी साहेब चिडतील, चिडू दे.

बाळा, तुझ्या लोकेटरचं काय होतं ते बघ. पॉवर मोडवर ठेवलास तर तो चालू केबलीतला पन्नास सायकलचा गुणगुणाट पकडतो. केबलीत करंट वाहत नसेल तर तो गप्प. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल घे. दिवसा ती बंद, म्हणून तू सकाळी दहाला मशीन फिरवलंस तर वाजणार नाही, आणि संध्याकाळी सातला तीच केबल माणूस मारेल. म्हणून ट्रान्समीटर लावून स्वतः सिग्नल सोडायचा, एकदा उभा आणि एकदा आडवा फिरायचं. तरी शेजारच्या लोखंडी पाइपात सिग्नल झिरपतो आणि खूण हातभर सरकते. स्क्रीनवर खोलीचा आकडा येतो तो अंदाज समज, त्यावर जेसीबीचा बकेट लावायचा नाही.

गल्लीतली गॅसची लाइन बहुधा प्लॅस्टिकची. तिच्यात धातू नाही, सोबत तार टाकलेली नसेल तर लोकेटरला ती अस्तित्वातच नाही. तिथे जीपीआर कामाला येतो, पण तू शिवडीला उभा आहेस. भरती-ओहोटीचं पाणी जिरलेली खारी चिकणमाती रडारच्या लहरी गिळते. कोरड्या मुरमात हेच यंत्र छान चित्र देतं. करड्या स्क्रीनचा अर्थ 'खाली काही नाही' असा काढू नकोस, 'मला दिसत नाही' इतकाच काढ.

मग काय करायचं? मशीन पेटीत ठेव आणि चालत फेरी मार. इमारतीच्या भिंतीवर गॅसचा पाइप वर चढतो ना, तो जमिनीत जिथे शिरतो तिथून सुरुवात कर. व्हॉल्व्हची झाकणं, चेंबर, मिनी पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), रस्त्यावर जुना चर बुजवल्याचा वेगळ्या रंगाचा पट्टा, सगळं वहीत काढ. दोन झाकणांमधली रेघ कुठे जाते ते बघ. आणि पालिकेचा चावीवाला गाठ. रोज त्या गल्लीत पाणी सोडणारा आणि बंद करणारा तोच. कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठल्या चाळीला पाणी जातं हे त्याला पाठ असतं. मला त्यांच्याकडून जेवढं कळलं तेवढं एकाही नकाशावरून कळलं नाही. चहा तू पाज.

त्यानंतरही खड्डा घ्यायचाच.

ट्रायल पिटमध्ये जुनी बिडाची (ओतीव लोखंडाची) पाण्याची लाइन सापडली. तिच्याखालून आमचा ड्रेनेजचा पाइप न्यायचा आहे. सापडली म्हणजे काम झालं ना? – छोटा कंत्राटदार, भांडुप

दादा, खरी धाकधूक इथून पुढे. मातीत पुरलेला बिडाचा पाइप चारी बाजूंनी धरलेला असतो. त्याच्याखालची माती काढलीत की तो पुलासारखा अधांतरी राहतो. बीड कडक असतं, वाकत नाही, तडकतं. जुने जोड सुतळी आणि शिसं ठोकून भरलेले, ते तर ढिले पडायची वाटच बघत असतात. म्हणून खालची माती काढायच्या आधी चरावर आडवा लाकडी सोट किंवा गर्डर टाका आणि रुंद पट्ट्यानं पाइप टांगा. पट्टा जोडाच्या दोन्ही बाजूंना हवा. बारीक तार नको, साखळीही उघडी नको. त्याच पाइपावर पाय देऊन गडी चरात उतरतात, ते पहिल्या दिवशीच बंद करा.

लाइन जवळपास वळत असेल तर वळणाच्या पाठीमागे अजिबात खोदू नका. पाण्याचा दाब वळणावर पाइपाला बाहेर ढकलतो आणि मागची माती किंवा काँक्रीटचा ठोकळा त्याला अडवून धरतो. एकदा आमच्या शेजारच्या साइटवर तो ठोकळा "जुनं काँक्रीट" म्हणून फोडला. सकाळी अकराला फोडला, काही झालं नाही, सगळे जेवायला गेले. चारला त्या भागाची पाण्याची वेळ. चार वाजून काही मिनिटांनी वळण जोडातून निसटलं आणि चर काठोकाठ भरला. आत कुणी नव्हतं ते नशीब. मुंबईत पाणी ठरलेल्या तासांनाच येतं, त्यामुळे कोरडा पाइप बघून फसू नका. आपल्या गल्लीची वेळ विचारून घ्या आणि त्या वेळेत चरात माणूस ठेवू नका.

उलटही होतं. पाणी बंद असताना तडा गेला तर चरातलं घाण पाणी आत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या चाळीत जुलाब. तडा लपवून वर माती लोटणारे मी पाहिले आहेत. पालिकेला कळवा, १९१६ वर.

चर दीड मीटरपेक्षा खोल जाणार असेल तर बाजूंना फळ्यांचा आधार हवाच. आणि काम जूनच्या आत उरका, पावसाळ्यात रस्ता खोदायला तातडीच्या कामाशिवाय परवानगी मिळत नाही.

आमच्या चाळीसमोर खोदकाम चालू आहे. जेसीबीनं गॅसची लाइन तोडली तर आम्ही बायकांनी काय करायचं? मुलगा म्हणतो, ओली माती टाकून दाबायचं. – एक आजी, गिरगाव

आजी, माती टाकायची नाही. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब भागात खोदकामात गॅसची लाइन फुटून आग लागली आणि माणसं भाजली. गॅसला वर मोकळी वाट असेल तर तो हवेत निघून जातो. माती दाबलीत तर तो गटारांतून आणि केबलच्या नळ्यांतून चाळीत शिरतो.

वास आला की शेगडी बंद. दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, दारावरची बेल नाही. शेजाऱ्यांना हाक मारून उठवा. वारा ज्या दिशेनं येतो तिकडे लांब चालत जा आणि तिथून फोन लावा. गॅसच्या बिलावर आपत्कालीन नंबर छापलेला असतो, तो आजच नातवाकडून मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटवून घ्या. अग्निशमन दल १०१. लाइनच्या तोंडाशी ज्योत पेटली असेल तर ती विझवायला कुणाला जाऊ देऊ नका. आसपासचं भिजवायचं काम दलाचं.

आणि बकेटनं पाइप नुसता ओढला गेला, तुटला नाही, तरी गॅसवाल्यांना बोलवाच. ओढ रस्त्यावर बसते आणि जोड सुटतो तो तुमच्या भिंतीपाशी.

परदेशात म्हणे पाण्याच्या किंवा हवेच्या झोतानं माती सैल करून ट्रकनं ओढून घेतात, फावडं लागतच नाही. आपल्याकडे का नाही? – एक वाचक, मुलुंड

उत्तर अमेरिकेत ती पद्धत चांगलीच रुळली आहे आणि मऊ मातीत ती हातापेक्षा सुरक्षित. अमेरिकेत खोदण्याआधी ८११ ला फोन केला की लाइनवाले येऊन रस्त्यावर रंगानं खुणा करून जातात : विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. आपल्याकडे मोठ्या कामांवर असे ट्रक परवडतील. गल्लीत अडचण दुसरीच. सक्शनच्या नळीत डेब्रिजमधली अर्धी वीट किंवा काळ्या दगडाचा गोटा अडकला की माणूस पहार घेऊन खाली उतरतोच. शिवाय पाण्याचा झोत जोरात मारला तर तोच केबलचं आवरण कापतो.

पालिकेची गटारं उपसायची जेटिंगची गाडी या कामाला चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही चालणार, तिचा झोत पाइपातला गाळ फोडायला बनवलेला आहे. दोन गडी, दोन फावडी, एक खुरपं आणि खड्ड्याच्या काठावर बसून विटांकडे बघणारा एक माणूस, एवढं मात्र मुलुंडला मिळेल. त्या तिसऱ्या माणसाची हजेरी टेंडरमध्ये वेगळी लावून घ्या, नाहीतर त्यालाच डबे आणायला पाठवतात.